उधारी वसूल करायला गेलो आणि नाच बघून आलो

मार्च एंड आला की मी वही घेऊन बसतो. टॅली वगैरे सगळं आहे दुकानात, पोरगा बसतो कॉम्प्युटरवर, पण कोणाकडे किती अडकलेत ते मला अजून वहीतच दिसतं. प्लायवुडचा धंदा म्हणजे अर्धा धंदा आणि अर्धी वसुली. तर यंदा वहीत एक नाव होतं त्याच्यापुढे २८ हजार बाकी, आणि कंसात मीच लिहून ठेवलेलं, ‘डान्सवाली, मखमलाबाद’.

आता ही डान्सवाली कोण ते सांगतो. डिसेंबरात एक मुलगी दुकानात आली, तिशीची असेल, पाठीला सॅक, हातात वहीचा एक कागद त्यावर पेन्सिलीने चौकोन काढलेला. म्हणाली काका, मला फ्लोअर करायचाय, २४ बाय २०. मी म्हटलं कसला, जिमचा का? नाही म्हणाली, डान्सचा. मी म्हटलं कथ्थक का भरतनाट्यम, कारण फरक पडतो हो, घुंगरू घालून आपटणार असतील तर मटेरियल वेगळं. ती म्हणाली कंटेम्पररी. मला ऐकू आलं टेम्पररी. मी म्हटलं टेम्पररी असेल तर मग कमर्शियल प्लायच घे, मरीन कशाला, उगाच पैसे जातील. ती इतकी हसली की मला कळेना झालं काय, आणि मग तीच म्हणाली, काका बरोबरच आहे तुमचं, तसं टेम्पररीच असतं ते.

जागा म्हणजे द्राक्षांचं जुनं पॅकहाऊस. मखमलाबादकडे आता बागा कमी आणि प्लॉटिंग जास्त, त्यात कोणाच्या तरी काकांचं हे शेड पडून होतं, वर पत्रा, खाली घोटलेला कोबा, भिंतीला अजून ‘हात धुवून आत यावे’ लिहिलेलं. तिने ते भाड्याने घेतलं. इथलीच पोरगी, इंजिनिअरिंग केलं, नोकरी केली, सोडली, बेंगळुरूला जाऊन दोन वर्षं नाच शिकली आणि परत नाशिकला आली. (आईवडिलांचं काय झालं असेल याचा विचार मी बाप म्हणून करतोच, पण तो विषय वेगळा.)

तर फ्लोअर. हे मला आवडतं म्हणून जरा सांगतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचा पॅरा सोडा.

कोब्यावर किंवा कोटा फरशीवर उडी मारली तर फरशी काही घेत नाही, सगळा दणका परत तुमच्याच पायात येतो, नडगीत, गुडघ्यात, कमरेत. एकदोनदा नाचलं तर काही नाही, लग्नात आपण सगळेच नाचतो, पण रोज चार तास कोणी त्यावर उड्या मारत असेल तर दोनतीन वर्षांत गुडघे बोलायला लागतात. म्हणून खाली रबराचे तुकडे, त्यावर पाइनवुडच्या दोन इंची पट्ट्या, फुटाफुटावर, त्यावर १२ एमएमची प्लाय एक थर, त्यावर पुन्हा १२ एमएम, आणि वरच्या थराचे जॉइंट खालच्या जॉइंटवर येता कामा नयेत. २४ बाय २० ला आठ बाय चारच्या बरोब्बर १५ शीट बसतात, दोन थरांच्या ३०, वरचा थर सरकवून टाकायचा म्हणून कापाकापीला थोडी जास्त. असा फ्लोअर पायाखाली किंचित दबतो आणि सोडतो. फार दबला तर घोटा मुरगळतो, अजिबात नाही दबला तर मग कोबा काय वाईट होता. शिवाय ही मंडळी अनवाणी, आणि नुसती उभी राहून नाचत नाहीत, लोळतात, घसरतात, पाठीवर पडतात, म्हणजे एकही स्क्रू वर आलेला चालणार नाही, एक कुसळ चालणार नाही. आमचा मिस्त्री पेठ तालुक्यातला, माझ्याकडे वीस वर्षं काम करतोय, त्याने प्रत्येक स्क्रूची टोपी आत बसवली, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, काचपेपर मारला आणि मग स्वतः शर्ट काढून त्यावर लोळून बघितलं. मी हसलो तर म्हणाला शेठ, पाठीला कळतं ते हाताला कळत नाही.

बिल झालं ६८ हजार. ४० मिळाले. बाकीचे जानेवारीत म्हणाली, मग फेब्रुवारीत, मग फोनवर म्हणाली काका शनिवारी या ना, कार्यक्रम आहे, तिकिटाचा डबा त्याच दिवशी उघडते, त्यातून देते. एप्रिलचा पहिला पंधरवडा होता. मी बायकोला म्हटलं चल, तिकडून येताना मिसळ नाहीतर काहीतरी खाऊ. ती म्हणाली वसुलीला मला कशाला नेता. मी म्हटलं बाई सोबत असली की लोक लवकर देतात.

गेलो. बाहेर पंधरावीस गाड्या, दाराशी टेबलावर एक मुलगा, डब्यावर लिहिलेलं ‘२०० किंवा जमेल तसे’. आता मी वसुलीला आलोय आणि मीच पैसे टाकायचे का, पण बायकोने डोळे मोठे केले म्हणून टाकले ४००. आत साठेक माणसं. पुढे गाद्या, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. मी उजवीकडच्या कोपऱ्यात बसलो, फ्लोअरच्या अगदी कडेला, म्हणजे पाय लांब केले असते तर प्लायला लागले असते. पंखे बंद केले, आवाज येतो म्हणून. एप्रिल महिना, पत्र्याचं शेड आणि पंखे बंद, मी घड्याळ बघितलं सात दहा.

एक सांगायला हवं, आमच्याकडे कोरिओग्राफर म्हणजे काय तर लग्नातल्या संगीतचा. नवरीच्या मैत्रिणींना आठ दिवसांत तीन गाणी शिकवणारा, मामालोकांना एका ओळीत उभं करून हात वर-हात खाली करायला लावणारा. नाहीतर शाळेच्या गॅदरिंगचा. आणि नंतर कळलं की इथे जे नाच बसवून आले होते ते सगळेही पोट भरायला तेच करतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नं, डिसेंबर-जानेवारी गॅदरिंग, आणि त्यातून उरलेल्या महिन्यांत हे, ज्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणजे माझ्या २८ हजारांचं काय होणार ते मला तिथेच कळायला हवं होतं.

पहिला नाच दोन पोरांचा. एक अंबडला कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, कामाला आहे, खरोखर, त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून आला होता. दुसरा सिडकोतला, हिपहॉपवाला. म्युझिक नाही. तो पहिला पोरगा उभा राहिला, डाव्या हाताने काहीतरी उचललं, समोर ठेवलं, दोन्ही हात बाजूला नेऊन दोन बटणं दाबली, मान किंचित मागे, उचललं, उजवीकडे टाकलं. परत. परत. मला लगेच कळलं, कारण माझा मेहुणा सातपूरला प्रेसवर होता. ती दोन बटणं मुद्दाम लांब लांब असतात, दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे एक हात आत राहू नये म्हणून. आणि दुसरा पोरगा तोंडाने प्रेसचा आवाज काढत होता, धप्प नाही हो, तो एक असतो ना आधी हवेचा सूं आणि मग धप्प, अगदी तसा. हळूहळू वेग वाढला, मग त्या सिडकोवाल्याने त्याच्या दोन हातांच्या मध्ये स्वतःचं डोकं घातलं, खांदा घातला, अख्खं अंग घातलं, आणि हा बटणं दाबतोच आहे. मग तो थांबला. एक हात बटणावर आणि दुसरा हात हवेत, आणि तो हात खाली येईच ना. किती वेळ, असेल अर्धा मिनिट. माझ्या पुढे गादीवर एक गृहस्थ बसले होते, बहुतेक पोराच्याच ओळखीतले, त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. त्यांचं एक बोट पेराशी संपलेलं होतं. मी नजर काढून घेतली.

नंतर दोघं एकमेकांवर वजन टाकायला लागले, म्हणजे एक पडतो, दुसरा त्याला हाताने धरत नाही तर पाठ पुढे करतो, तो पाठीवरून घरंगळत खाली येतो. याला म्हणे कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन म्हणतात, १९७२ साली स्टीव्ह पॅक्स्टन नावाच्या अमेरिकन माणसाने हे सुरू केलं, त्यात स्टेप बसवलेल्या नसतात, समोरच्याचं वजन कुठे जातंय ते बघून तुम्ही हलायचं. मला ते बघताना कुस्ती आठवत होती. लाल मातीत दोन पैलवान हात घालण्याआधी जे एकमेकांना जोखतात ना, ते. फक्त इथे कोणाला पाडायचं नाहीये. आणि खरं सांगू का, मी नाचापेक्षा फ्लोअर बघत होतो. ७० किलोचा पोरगा पाठीवर पडतोय आणि माझी प्लाय हूं का चूं करत नाही. बायकोला कोपराने ढोसलं, बघ. ती म्हणाली श्शू.

दुसरा नाच मला कळला नाही. एक मुलगी प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये पडून होती, पिशव्या फुगत होत्या, बसत होत्या, मागे पाण्याचा आवाज. गोदावरी असावी. पंचवीस मिनिटं. कोणी म्हणेल तुम्हाला दृष्टी नाही, नसेल, पण रामकुंडावर रोज जाणाऱ्या माणसाला गोदावरीतलं प्लास्टिक दाखवायला पंचवीस मिनिटं लागत नाहीत. तरी एक गोष्ट, तिचा श्वास ऐकू येत होता. एवढ्याशा जागेत सगळंच ऐकू येतं, गुडघा कट् वाजला तरी. मोठ्या थिएटरात बाराव्या रांगेतून नाचणारा माणूस म्हणजे चित्र असतं, घाम दिसत नाही, दमलेला कळत नाही. इथे पिशवीतल्या मुलीच्या मानेवर एक मुंगी चढली तीही मला दिसली आणि मुलीने ती झटकली नाही. ते मात्र मानलं.

तिसरा नाच. आता यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आधी सांगतो की कथ्थक मला थोडं कळतं. म्हणजे शिकलो नाही, पण मुलगी सहा वर्षं क्लासला जायची आणि मी बाहेर गाडीवर बसून पेपर वाचायचो. नाशकात दर दुसऱ्या घरात एक मुलगी कथ्थक शिकलेली असते आणि दहावी आली की सोडलेली असते, आमच्याकडेही तेच. पण सहा वर्षं आठवड्यातून दोनदा खिडकीतून ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत् ऐकलं की सोळा मात्रांचं आवर्तन डोक्यात बसतं, सम, म्हणजे त्या फेऱ्याची पहिली मात्रा, कुठे येते ते न बघता कळतं.

ती बाई पस्तिशीची असेल. साधा कॉटनचा कुर्ता, केस बांधलेले. येऊन बसली आणि पायातले घुंगरू सोडायला लागली. सावकाश. दोरी एकेक वेढा उलगडत. दोन्ही पायांचे सोडून समोर ठेवले आणि उभी राहिली. म्हणजे इतर लोक बांधून सुरू करतात, हिने सोडून सुरू केलं. लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी धून, नाही, तबला नाही, बोल कोणी म्हणत नाही. नुसता पाय आणि प्लाय. तत्कार, म्हणजे नुसतं पायांचं काम, एकाच जागी, अगदी विलंबित. घुंगरू नसल्यामुळे टाच वेगळी ऐकू येते, पंजा वेगळा. मला पहिल्यांदा कळलं की घुंगरांच्या आवाजाखाली एवढं सगळं असतं.

आणि मग ती सरकायला लागली. आवर्तन चालू ठेवून इंच इंच उजवीकडे, माझ्या कोपऱ्याकडे. आणि एकदम एक आवाज आला, ढब. बाकी सगळीकडे टक्-टक् भरीव आणि इथे ढब, मडक्यावर मारल्यासारखा. माझ्या पोटात गोळा आला. कारण मला माहीत होतं तो आवाज कशाचा आहे. खाली पट्टी नाही.

डिसेंबरात मिस्त्रीचा फोन आला होता, शेठ एक पट्टी कमी पडली. मी म्हटलं उद्या पाठवतो. उद्या रविवार, सोमवारी कोणाचं तरी किचन, आणि ते राहिलं ते राहिलंच. मिस्त्रीने शेवटचा चार फुटांचा तुकडा तसाच सोडून वर प्लाय टाकून दिली असणार, म्हणाला असेल कडेलाच आहे, कोण जातंय तिकडे. आणि बिलात पट्ट्या पूर्ण लावलेल्या. ते मी घरी येऊन वहीत बघितलं, पण मला तिथेच खात्री होती.

मला वाटलं आता ती तिथून हटेल. तर हटली नाही. तिने एक पाऊल मागे घेतलं, भरीव जागेवर, आणि सोळा मात्रा मोजून परत आली, आणि सम त्या पोकळ जागेवर. ढब. परत मागे. पुढचं आवर्तन, दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, आणि परत सम तिथेच. ढब. म्हणजे तिला ते माहीत होतं. योगायोगाने पाय पडला नव्हता, तिने तालमीत ती जागा शोधून काढली होती आणि अख्खा नाच त्या चार फुटांवर बसवला होता. चक्री घेत घेत अख्ख्या फ्लोअरभर फिरून आली, तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा, तिन्ही वेळा आपल्याला वाटतं आता ढब येणार आणि ती बाजूच्या भरीव जागेवर टक् करून थांबते, आणि तिसऱ्या वेळी पाय वर उचलला तो टेकवलाच नाही. लोकांनी श्वास धरलेला. मीही. मग हळूच, टाळी वाजवल्यासारखा नाही, कोणी झोपलेल्याला उठवू नये असा, पाय ठेवला. ढब.

बायकोने माझ्याकडे बघितलं तर मला घाम फुटलेला. तिला वाटलं उकाड्याने.

नंतर चर्चा असते म्हणे अशा ठिकाणी, नाच बसवणारे समोर बसतात आणि लोक विचारतात. एका आजोबांनी लगेच विचारलं याचा अर्थ काय. प्लास्टिकवाली बोलायला लागली आणि बोलतच राहिली. प्रेसवाला पोरगा म्हणाला, अर्थ काय सर, रोज साडेचार हजार वेळा करतो, म्हटलं एकदा कोणालातरी दाखवू. कथ्थकवाली फार बोलली नाही. कोणीतरी तिला विचारलं की कथ्थकमध्ये हे चालतं का, तर म्हणाली कथ्थकमधल्या मोठ्या नर्तकी कुमुदिनी लाखियांनी अहमदाबादला कदंब या त्यांच्या संस्थेत साठच्या दशकापासून हेच विचारलं होतं, की राधा-कृष्ण आणि ओढणी बाजूला ठेवली तर कथ्थकमध्ये उरतं काय. त्या गेल्या २०२५ च्या एप्रिलमध्ये. मी फक्त त्यात आणखी एक वस्तू बाजूला ठेवली, म्हणाली, घुंगरू. तेवढ्यात अवकाळी आला. पत्र्यावर असा बदबदा की कोणाचंच कोणाला ऐकू येईना आणि चर्चा संपली. माझ्या मते योग्य वेळी संपली.

पाऊस थांबेपर्यंत चहा. तेव्हा ती डान्सवाली, म्हणजे आमची बाकीदार, येऊन बसली आणि मी विचारलं की हे सगळं फॉरेनचं खूळ ना. तर तिने मला जे सांगितलं ते मी नंतर घरी तपासून बघितलं आणि खरं निघालं. चंद्रलेखा नावाच्या बाई, भारतातल्या आधुनिक नृत्यातलं फार मोठं नाव, भरतनाट्यम शिकलेल्या, १९८५ मध्ये त्यांनी ‘अंगिका’ केलं ज्यात भरतनाट्यमबरोबर योग आणि केरळची युद्धकला कलरीपयट्टू एकत्र आणलं, देव नाही, नायिका नाही, नुसतं शरीर. राहायच्या चेन्नईला, समुद्राजवळ, तिथेच त्यांची स्वतःची साधी नाचायची जागा. २००६ च्या डिसेंबरात गेल्या. आणि जन्म कुठला तर १९२८, वाडा. वाडा म्हणजे आपला वाडा! पालघर जिल्ह्यातला, त्र्यंबक-जव्हारवरून पुढे. मला वाडा म्हटलं की कोलम तांदूळ आठवतो, पन्नास वर्षं तो भात खातोय आणि हे कोणी सांगितलं नाही. दुसरं म्हणजे १९५२ मध्ये अंधेरीला शांती बर्धन यांनी लिटल बॅले ट्रूप काढला आणि रामायण बसवलं ज्यात माणसं कठपुतळ्यांसारखी नाचतात, सांधे दोरीने बांधल्यासारखे. १९५२! बर्धन दोन वर्षांत गेले, पण नाच राहिला, पुढे त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. म्हणजे खूळ असेल तर ते आपलंच आणि जुनंच आहे.

मी म्हटलं मग मोठं थिएटर घ्या ना एखादं, कालिदास आहे, सायखेडकर आहे, इथे पत्र्याखाली कशाला. तर म्हणाली काका, हे नाच अजून झालेले नाहीत. शिजतायत. नाटकाचं कागदावर तरी असतं, वाचन करता येतं, नाचाचं वाचन कसं करणार, तो चार माणसांसमोर करूनच बघावा लागतो की कुठे लोक चुळबूळ करतात आणि कुठे थांबतात. एक दिवस मोठा हॉल मिळून उपयोग नाही, पंधरा दिवस रोज याच फ्लोअरवर पडायला मिळालं पाहिजे. न्यूयॉर्कला १९६२ च्या जुलैत काही पोरांनी जडसन चर्चच्या हॉलमध्ये असंच सुरू केलं, चालणं, धावणं, वस्तू उचलणं हाच नाच म्हणून, आणि अर्ध्या जगाचा नाच त्याने बदलला. मला चर्चपेक्षा छबिलदास पटकन कळलं. दादरच्या शाळेतला तो हॉल, १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने तिथे प्रायोगिक नाटकं केली, माझा थोरला भाऊ मुंबईला नोकरीला असताना जायचा आणि येऊन सांगायचा की नट इतके जवळ असतात की थुंकी उडते अंगावर. तेव्हा आम्ही हसायचो त्याला.

कथ्थकवाली पिशवी भरत होती. मी गेलो तिच्याकडे आणि हळूच म्हटलं, ताई, तो कोपऱ्यातला आवाज, ती माझी चूक आहे, पट्टी राहिलीय खाली, सोमवारी मिस्त्रीला घेऊन येतो आणि बसवून देतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिचा तबलजी पळवून नेतोय. नको हो काका, म्हणाली. प्लीज. पुढच्या महिन्यात पुन्हा करायचाय मला. आणि बाजूला प्रेसवाला पोरगा उभा, तो म्हणाला नाही काका, बसवाच, आम्ही तिकडे पडायला घाबरतो, दोनदा पाय दबलाय माझा. झालं. दोघांचं तिथेच सुरू झालं आणि डान्सवाली मध्ये. मी २८ हजारांचं तोंडही उघडलं नाही, कसं उघडणार. तिनेच डब्यातले ३ हजार काढून हातात दिले आणि म्हणाली बाकीचे मेमध्ये. ठीक आहे म्हटलं. मिसळ राहिली, वाटेत वडापाव खाल्ला.

मिस्त्रीला सोमवारी नेऊन जागा दाखवली. त्याने पायाने ठोकून बघितलं, टक् टक् ढब, आणि लाजला जरा. मग मी त्याला दोन्ही पार्ट्यांचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं हसेल. तर तो गंभीरपणे म्हणाला, बाईचं बरोबर आहे, आमच्याकडे बोहाड्यात (देवांचे मुखवटे घालून नाचतात तो उत्सव) सोंग नाचतं तेव्हा संबळवाला कुठे उभा राहणार ते ठरलेलं असतं, उगाच इकडचा तिकडे केला तर सोंगाचा पाय चुकतो. आणि पोराचंही बरोबर आहे. मग खाली वाकून त्याने फ्लोअरच्या कडेतून आत हात घातला, माप घेतलं, आणि दुपारपर्यंत चार फुटांची एक पट्टी बनवून आणली, एका टोकाला निमुळती, पाचरेसारखी, दुसऱ्या टोकाला भोक पाडून त्यात सुतळीची कडी. कडेतून आत सरकवायची, हातोडीने दोन ठोके, घट्ट. कडी धरून ओढली की बाहेर. पडणाऱ्यांसाठी आत, कथ्थकसाठी बाहेर. टोकाला लाल ऑइलपेंटने बाण काढला. लोक दुसऱ्याच्या कामात पाचर मारतात, म्हटलं, तुम्ही बघा काय केलंत मिस्त्री. त्याला तो विनोद कळला नाही किंवा आवडला नाही. त्या पट्टीचे पैसे मी लावले नाहीत, ती आधीच्या बिलात होतीच.

परवा डान्सवालीचा फोन होता. काका, एक मुलगी येतेय पुण्याहून, तिला भिंतीला टेकून नाचायचंय, म्हणजे भिंतीवर, तर भिंतीला प्लाय मारता येईल का, चार शीट पुरतील ना? मी वही उघडली. २५ हजार बाकी. म्हटलं चारच्या जागी पाच लागतील, आणि या वेळी पट्ट्या मी स्वतः मोजून पाठवतो.